पावसामुळे मीटिंग रद्द

देवरेकाकांना "आज फार गरम आहे" म्हटलं, तरी ते विचारायचे, "कोण म्हणालं?" आपण खिडकीबाहेर हात केला तर म्हणायचे, "ते दिसतंय हो. पण किती आहे, हे कोणी सांगितलं?" मोबाईलवरच्या आकड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणून त्यांनी बाल्कनीत सावलीला एक तापमापक टांगला होता. मग त्याच्यावरही विश्वास बसेना, म्हणून शेजारी दुसरा टांगला. दोघांत दोन अंशांचा फरक निघाला, तेव्हापासून मोबाईलसकट तिघंही त्यांच्या लेखी खोटारडे ठरले.

कुवेतमध्ये मंगफला आमची दारं शेजारीशेजारी होती. मी एका कंपनीत इंटर्नल ऑडिटला आहे, म्हणजे संशय घेण्याचा मला पगार मिळतो. दुपारी ऑफिस सुटलं की माझा संशय सुटतो. देवरेकाकांचा सुटत नसे. ते पेट्रोकेमिकलमध्ये झडपांच्या तपासणीवर होते. "कागदावर झडप बंद असते, वहिनी," ते म्हणायचे, "ती खरंच बंद आहे का, ते हात लावल्याशिवाय कळत नाही." मग हा माणूस जगातल्या प्रत्येक गोष्टीला हात लावून बघायचा. खालच्या बकाल्यात, म्हणजे आमच्या वाण्याकडे, ताकाचा डबा घेताना पुढचे सगळे डबे काढून मागचा घ्यायचे, आणि तो मल्याळी दुकानदार मुद्दाम ताजे डबे पुढे ठेवतोय असा वहीम आला की परत पुढचा घ्यायचे. लिफ्टमध्ये शिरण्याआधी पाय आत टाकून एकदा दाबून बघायचे. चौथ्या मजल्यावर राहत होतो आम्ही, आणि मागे लोक ताटकळत उभे असायचे.

पण एक होतं. त्यांचा संशय तोंडावर असायचा. आम्ही राहायला आलो त्या दिवशी काकूंनी चहा पाठवला आणि काका स्वतः कपबशा न्यायला आले.

"तुम्ही ऑडिटवाल्या ना? म्हणजे आता आमच्या घरावर लक्ष ठेवणार."

"तुमच्या घरात लक्ष ठेवण्यासारखं आहे काय?"

"ते तुम्ही शोधायचं," ते म्हणाले आणि कपबशा घेऊन गेले. हे गृहस्थ नाशिकचे, मी डोंबिवलीची. मला वाटलं, याच्याशी आपलं जमणं कठीण आहे. पण आठ दिवसांत तेच आमच्या स्वयंपाकघरातला गॅसचा पाइप वास घेऊन तपासत होते, आणि मी त्यांना दुसरा कप चहा देत होते.

त्यांचा एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आमच्या मराठी मंडळाचं नाटक होतं आणि सेटसाठी प्लायवूड हवं होतं. मंडळाचे अध्यक्ष कर्णिक. मूळचे दादरचे, इथे बँकेत मोठ्या हुद्द्यावर, बोलणं मऊ आणि शर्टाची कड कायम कडक. ते, माझा नवरा मकरंद आणि देवरेकाका असे तिघं अम्गऱ्याला गेले. तिथे भंगार, लाकूड, पत्रे, सगळ्याची ओळीने दुकानं. दुकानदार म्हणाला, साहेब, हे पाण्याला न घाबरणारं प्लाय आहे. काका म्हणाले, बादली आण. त्यांनी फळीचा एक तुकडा तोडून घेतला, बादलीत बुडवला आणि तिथेच एका उलट्या ड्रमवर बसले. दुकानदाराने चहा दिला, तो प्याले. दुसरा दिला, तोही प्याले. कर्णिकांना उन्हात घाम फुटला. "अहो देवरे, नाटक घरात आहे. स्टेजवर पाऊस पडणार नाहीये."

"पाऊस पडणार नाही, हे कोणी सांगितलं?" काका म्हणाले.

शेवटी तुकडा फुगला, काकांनी तो दुकानदाराच्या हातात दिला आणि स्वस्तातलं साधं प्लाय घेऊन तिघं परत आले. कर्णिकांनी तो उन्हात ताटकळवल्याचा अपमान धरून ठेवला. माणूस मऊ बोलतो म्हणून विसरतो असं नाही.

आता मीटिंगचं.

आमच्या मंडळाची समिती शनिवारी संध्याकाळी बसायची, सबाह अल-सालेमला कर्णिकांच्या घरी. काका समितीवर होते आणि कधी चुकत नसत, कारण आपण नसताना काय ठरेल याची त्यांना धास्ती असे. मग एका उन्हाळ्यापासून ते येईनासे झाले. ग्रुपवर निरोप यायचा, "आज जमणार नाही. मीटिंग आहे." कोणीतरी विचारलं, ऑफिसची का? उत्तर आलं, "छे. ऑफिसची कसली." आणखी एकदा लिहिलं, "आजची मीटिंग फार महत्त्वाची. हरलो तर संपलं."

हरलो तर म्हणजे? लोकांनी फोनाफोनी सुरू केली. मराठी माणूस परदेशात दुसऱ्या मराठी माणसाच्या मीटिंगविषयी ऐकतो तेव्हा त्याच्या मनात एकच येतं, की हा नवीन मंडळ काढतोय. त्यात भर म्हणून भिंतीपलीकडून मला काकांचं बोलणं ऐकू यायचं. एकदा ते फोनवर इंग्रजीत तावातावाने म्हणत होते की दोन्ही एक केले तर आपलं अस्तित्वच उरणार नाही. एकदा म्हणाले, "पाहुणे आणून जिंकण्यात काय अर्थ आहे?" मी मकरंदला म्हटलं, ऐकलंस? तो म्हणाला, तू भिंतीला कान लावतेस हे आधी ऐकलं. पण मीही मंडळाचीच. मलाही शंका यायला लागली होती.

आणि मग जुलैच्या भर उन्हाळ्यात, बाहेर धुळीने समोरची इमारत दिसत नव्हती, गाडीचं स्टिअरिंग हातात धरवत नव्हतं, अशा एका शनिवारी ग्रुपवर देवरेकाकांचा निरोप आला: "आज येऊ शकतो. पावसामुळे मीटिंग रद्द."

मग कर्णिकांचा मला फोन आला.

"तुम्ही शेजारी आहात, शिवाय ऑडिटमध्ये आहात. हे काय चाललंय? माणसाने थाप मारावी, पण कुवेतमध्ये जुलैत पावसाची?"

"मला काय माहीत, कर्णिकसाहेब?"

"ते मुद्दाम आपली टिंगल करताहेत. आज येऊ देत, मी सगळ्यांसमोर विचारतो."

विचारलं त्यांनी. चहा झाल्यावर, रुमालाने ओठ टिपून. "देवरे, मंडळात लपवाछपवी नको. तुमच्या या मीटिंगला असतं तरी कोण कोण?"

"कोण म्हणजे? हजारएक माणूस असतो," काका म्हणाले.

आमच्या मंडळाच्या दिवाळी पहाटेला गेल्या वर्षी त्याच्या निम्मेसुद्धा नव्हते.

"आणि तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?"

"मी बगळ्यांच्या बाजूने. पहिल्यापासून."

कोणी हसेना. मग काकांनीच एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मोबाईल काढला, एक व्हिडिओ लावला आणि टीपॉयवर ठेवला. आम्ही सगळे वाकलो. मातीचा अंडाकृती ट्रॅक, चार मोटरसायकली, चौघंही वळणावर गाडी आडवी टाकून एक पाय जमिनीला घासत चाललेले, मागे लाल मातीचे फवारे. चार फेऱ्या झाल्या, एक मिनिटसुद्धा लागलं नाही आणि संपलं.

"ही मीटिंग," काका म्हणाले. "याला स्पीडवे म्हणतात. यंदापासून शनिवारी घरबसल्या थेट दिसतो. इंग्लंडमध्ये या खेळाच्या सामन्याला मीटिंगच म्हणतात, त्याला मी काय करू? तिथे पाऊस पडला. ट्रॅक भिजला की गाड्या घसरतात. रद्द केली."

"ब्रेक मारायचा ना मग," कर्णिक म्हणाले.

"ब्रेक नसतोच या गाड्यांना."

कर्णिकांना हेही खोटं वाटलं. पण काका आता मीटिंगवर बोलत नव्हते. त्यांनी मोबाईल खिशात ठेवला आणि उठले. "चार महिने तुम्ही सगळे माझ्यावर संशय घेत होतात. घ्या, मी कोणाला नाही म्हणतो? मीही तुमच्यावर घेतो. पण मी तुमच्या तोंडावर घेतो. तुमच्यातला एक माणूस चार महिन्यांत मला विचारू शकला नाही, की देवरे, कसली मीटिंग?" ते माझ्याकडे बघत नव्हते. बघायला हवं होतं, मी तर भिंतीपलीकडेच होते.

त्या दिवसापासून शनिवारी सातच्या सुमाराला मी आणि मकरंद कधीमधी त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो. सुलभाकाकू पोहे करायच्या. काकूंना या खेळातलं सगळं कळायचं आणि काहीही आवडायचं नाही. "बाकीच्यांच्या नवऱ्यांना ब्लडप्रेशर असतं, यांना बगळे आहेत," म्हणायच्या. बगळे म्हणजे काकांचा क्लब. इंग्रजीत हेरन्स. छातीवर एका पायावर उभा असलेला बगळा.

नाशिकच्या कंपनीने काकांना तरुणपणी दोन वर्षं इंग्लंडला, झडपांच्या एका कारखान्यात शिकायला पाठवलं होतं. गाव लहान, थंडी फार, बोलायला कोणी नाही. घरमालकीण बाई एका शनिवारी म्हणाली, घरात कुढत काय बसलास, चल. "तिथे मला कोणी विचारलं नाही की कुठला, कशाला आलास, परत कधी जाणार," काका सांगत होते. "शेजारी एक म्हातारा उभा होता. त्याने मला पहिल्यांदा बघितलं आणि विचारलं, पहिल्या हीटमध्ये, म्हणजे पहिल्या शर्यतीत, आपलं काय होईल? आपलं म्हणाला, वहिनी. इतकी वर्षं झाली कुवेतला. इथे ओळख झाली की माणूस दोन प्रश्न विचारतो, कधी आलात आणि कधी जाणार. बरोबर आहे त्याचं. इथलं कोणाचंच काही नाही. नाशिकला जातो तर तिथेही तेच, कधी आलास, कधी जाणार." मग पोह्यांत लिंबू पिळत म्हणाले, "आपलं म्हणायला एक बगळाच आहे."

काकू आतून म्हणाल्या, "ऐकतेय मी."

मला वाटायचं, एवढं ज्याच्यावर प्रेम आहे त्यावर तरी या माणसाचा विश्वास असेल. छे. बगळ्यांवर जीव, पण तो खेळ चालवणाऱ्या एकाही माणसावर काडीचा भरवसा नाही. आणि खरं सांगायचं तर त्या खेळाचे नियमच असे, की माझ्यासारखीलाही खटकावेत. एखाद्या क्लबचे खेळाडू फार चांगले खेळले, तर पुढच्या वर्षी तो संघ तसाच ठेवता येत नाही. खेळाडूंच्या गुणांची बेरीज ठरलेल्या मर्यादेच्या आत बसवायची, म्हणजे जिंकलात की संघ फोडा. एखादा जखमी झाला तर त्याच्या जागी दुसऱ्या क्लबचा माणूस उसना आणायचा. त्याला पाहुणाच म्हणतात. गेल्या शनिवारी जो आपल्याला हरवून गेला तोच या शनिवारी आपला बगळा घालून पळतोय. काका अशा पाहुण्याची प्रत्येक फेरी डोळे बारीक करून बघायचे. "बघा, बघा. वळणावर गॅस सोडला त्याने. मुद्दाम." तो पहिला आला तरी म्हणायचे, "आज जिंकून दाखवलं, म्हणजे पुढच्या वेळी शंका येऊ नये."

दर हिवाळ्यात लीगचे नियम बदलायचे. क्लब कमी होत चाललेले, प्रेक्षक म्हातारे होत चाललेले. स्टेडियमच्या जागेवर घरं बांधायला टपलेले लोक सगळीकडे. आणि या सगळ्यावर चाहत्यांचा एक ऑनलाइन कट्टा होता. तिथे इंग्लंडातले पेन्शनर दिवसभर एकमेकांची उणीदुणी काढायचे, आणि मंगफच्या चौथ्या मजल्यावरून बनियनवर बसलेले देवरेकाका त्यांत सामील व्हायचे. कट्ट्यावर त्यांनी नाव घेतलं होतं मंगफ.

मग त्या हिवाळ्यात ती बातमी आली. वरच्या दोन लीग मोडून एकच मोठी लीग होणार होती. बगळ्यांना तिच्यात जागा मिळणार होती, पण जुनं स्टेडियम त्या लीगच्या लायकीचं नव्हतं. क्लबचा चालक, म्हणजे क्लब चालवणारा मालक, म्हणाला, आपण एक सीझन तासाभराच्या अंतरावर दुसऱ्या क्लबच्या ट्रॅकवर खेळू, तोवर इथे दुरुस्ती होईल. दुसरा पर्याय होता खालच्या लीगमध्ये उतरायचं, जिथे शिकाऊ पोरं पळतात आणि पेपरात ओळभरही येत नाही. पण आपल्या घरी. चालक म्हणाला, चाहते सांगतील तसं करू. स्टेडियमच्या कँटीनमध्ये हात वर करून मत घेऊ.

काकांचं म्हणणं एकच. खाली उतरा, पण घर सोडू नका. जागा रिकामी केली की परत मिळत नाही, हे त्यांना नाशिकपासून कुवेतपर्यंत सगळीकडे दिसलं होतं. त्यांनी ते कट्ट्यावर लिहिलं. आणि तिकडून आलेलं उत्तर घेऊन ते थेट आमच्या दारात उभे राहिले. मी पहिल्यांदाच त्यांना गोंधळलेलं बघत होते.

"वहिनी, ते म्हणतात मी शेख आहे."

"काय?"

"वाचा."

मी वाचलं. मॉरीन नावाच्या एका बाईंनी लिहिलं होतं. या बाई पन्नासेक वर्षं स्टेडियमच्या दारात कार्यक्रमपत्रिका विकत होत्या आणि कट्ट्यावर त्यांचा शब्द शेवटचा. त्यांचं म्हणणं असं, की हा मंगफ कोण? मी नकाशावर शोधलं. कुवेत. तेलाच्या विहिरी. तिथल्या माणसाला आमचा क्लब खाली उतरायला हवाय, कारण क्लब खाली उतरला की कंगाल होईल, आणि मग आखाती पैसा येऊन जमीन विकत घेईल. खाली कोणीकोणी अंगठे दिले होते. एकाने विचारलं होतं, तुझ्याकडे उंट किती?

मकरंद इतका हसला की त्याला ठसका लागला. काका नाही हसले. "मी मीच आहे हे कसं दाखवू? सिव्हिल आयडीचा फोटो टाकू का?"

"अजिबात नाही," मी म्हटलं. "आणि त्यावर कुवेतच लिहिलंय, काका. त्यांचा संशय वाढेल."

मग आम्ही दोघांनी बसून उत्तर लिहिलं. मी ऑफिसच्या सवयीने गुळगुळीत इंग्रजी लिहायची, आदरपूर्वक असं सुचवावंसं वाटतं वगैरे, आणि काका ते खोडायचे. "असं लिहिलं तर मलाच माझा संशय येईल." शेवटी त्यांनी स्वतः लिहिलं की मी नाशिकचा आहे, झडपा तपासतो, दोन वर्षं तुमच्या गावात राहिलो, दुसऱ्या वळणाच्या कुंपणाशी उभा राहायचो, तिथे धूळ तोंडात जायची पण गाड्या सगळ्यात जवळून दिसायच्या. उंट नाही. एक जुनी कोरोला आहे, तिचा एसी चालत नाही.

मॉरीनबाईंनी लिहिलं, हे कोणीही पाठ करून लिहू शकतं.

"शहाणी बाई आहे," काका म्हणाले. खरंच म्हणाले, चिडून नाही. "मीही हेच म्हटलं असतं."

त्याच दिवशी मी चालकाचं ते निवेदन नीट वाचलं. सवयीने, दुसरं काय. आणि मला एक गोष्ट दिसली. "काका, यात एक सीझन बाहेर खेळू असं आहे. परत येऊ असं कुठेच नाहीये."

त्यांनी चष्मा वर करून वाचलं, मग खाली करून वाचलं. मला वाटलं, आता हा माणूस उड्या मारेल, मी म्हणत नव्हतो का म्हणेल. ते म्हणाले, "तुम्हालाही दिसलं का." आणि चष्मा काढून खिशात ठेवला. आयुष्यभर घेतलेला संशय एकदा तरी चुकावा असं त्यांना मनापासून वाटत होतं, हे मला त्या दिवशी कळलं. मला फार वाईट वाटलं त्यांचं.

त्यांनी ते कट्ट्यावर मांडलं. कोणी मनावर घेतलं नाही. शेख म्हणतोय, दुसरं काय म्हणणार. मतदान झालं, कँटीनमध्ये हात वर झाले, आणि जे तिथे हजर नव्हते त्यांना हात नव्हता. बगळे मोठ्या लीगमध्ये गेले. घरच्या ट्रॅकवर निरोपाची एकच मीटिंग उरली.

"मी जाऊन येतो," काका काकूंना म्हणाले.

निवृत्तीला थोडे महिने उरले होते, साठलेली रजा होती. काकू कुरकुरतील असं मला वाटलं होतं. त्यांनी लोकरीचे मोजे बाहेर काढले. "एकदा जाऊन त्या चालकाच्या तोंडावर विचारून आले की बरं वाटेल यांना," मला म्हणाल्या. "इथे बसून टीव्हीवर ओरडण्यापेक्षा ते बरं." व्हिसाच्या मुलाखतीला कशासाठी जाताय असं विचारलं, तर मीटिंगसाठी असं सांगू नका, हे मी त्यांना दहा वेळा बजावलं. तरी त्यांनी तेच सांगितलं, आणि मिळाला. विमानतळावर आम्हीच सोडलं. बॅगेवरचा टॅग त्यांनी वाचला, मग काउंटरवरच्या पोरीला परत वाचायला लावला, आणि गेले.

मीटिंगच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. चालक भेटला होता. काकांनी विचारलं होतं, एक सीझन म्हणजे एकच ना, परत येणार ना? तो चांगला वागला म्हणे. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, तशी आमची आशा आहे.

"आशा," काका फोनवर म्हणाले. "ऐकलंत ना वहिनी? आशा आहे म्हणाला." पलीकडे वारा ऐकू येत होता. काकूंनी फोन घेतला आणि मोजे घातलेत का ते विचारलं.

देवरेकाका नंतर परत आले, निवृत्त झाले, सामान बांधून नाशिकला गेले. त्या वेळी त्यांना निरोप दिला, मंडळाने शाल दिली, कर्णिक दोन शब्द बरे बोलले. काकांनी शालीचं लेबल वाचलं. बगळे त्यांच्या घरी परत जाणार की नाही, हे अजून ठरायचंय. पण ते सगळं मला फारसं आठवत नाही. मला आठवतात ते त्या निरोपाच्या मीटिंगच्या व्हिडिओतले काका.

कट्ट्यावर कोणीतरी टाकला होता. काकूंच्या मोबाईलवर आम्ही दोघी बघत होतो, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या. शेवटची हीट संपली होती. कुंपणाची फाटकं उघडली होती आणि सगळे लोक ट्रॅकवर उतरले होते. म्हातारे, बायका, पोरांना खांद्यावर घेतलेले बाप. कोणी रडत होतं, कोणी फोटो काढत होतं. आणि बरेच जण खाली वाकून ट्रॅकवरची लाल माती भरून घेत होते, आठवण म्हणून. कोणी चहाच्या कागदी कपात, कोणी रुमालात, कोणी पिशवीत.

त्या सगळ्यांच्या मधून एक काळसर, बुटका, माकडटोपी घातलेला माणूस फिरत होता. पँट मोज्यांत खोचलेली. तो एकेकाजवळ जायचा, वाकायचा आणि काहीतरी सांगायचा. व्हिडिओ काढणारा जवळ गेला तेव्हा ऐकू आलं. ते नाशिकचं इंग्रजी मी कुठेही ओळखलं असतं.

"ठेवा ती परत. पुढच्या वर्षी लागणार आहे. एक सीझन म्हणालेत ते. एकच सीझन."

कोणीतरी हसलं. एका पोराने कप उलटा केला. एका माणसाने मान हलवून रुमालाला गाठ मारली आणि चालायला लागला. काका त्याच्या मागे दोन पावलं गेले, तेच सांगत, आणि मग थांबले.

"वेडा झालाय हा माणूस," काकू म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "सख्ख्या भावाच्या शब्दावर कधी विसंबले नाहीत. आणि आता कोणाचा शब्द धरून बसलेत बघा."

व्हिडिओत पुढे एक पांढऱ्या केसांची बाई दिसते, हातात कापडी पिशवी, अर्धी भरलेली. तिने खाली स्वतःच लिहिलं होतं, पिशवीवाली मी, मॉरीन. काका तिच्याजवळ गेले. त्यांना ती कोण हे माहीत नव्हतं आणि तिला ते. त्यांनी तिलाही तेच सांगितलं. तिने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं, बराच वेळ, खालपासून वरपर्यंत. मग विचारलं, "मंगफ?"

काकांनी मान डोलावली.

बाईंनी पिशवी उलटी केली. काकांनी बुटाने ती माती सारखी केली, पायाने दाबून पाहिली, आणि पुढच्या माणसाकडे गेले.